ओट्सच्या कण्या : बारा आठवड्यांच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार

अण्णांचा (माझे सासरे, वय ६६) रक्ताचा रिपोर्ट काल संध्याकाळी आला. एकूण कोलेस्टेरॉल २३४, एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते) १५८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १७०. रक्तदाबाची गोळी चार वर्षांपासून चालू आहे. त्यांचे वडील झोपेत गेले, हृदयविकारानं, साठीच्या आतच. घरात ही गोष्ट कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण काल रिपोर्ट हातात आल्यावर आईंनी (सासूबाईंनी) भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं ते मी पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, "तीन महिने खाण्यात बदल करून बघू. सकाळी ओट्स सुरू करा, तळलेलं बंद करा, चालणं वाढवा. मार्चमध्ये पुन्हा तपासू, मग कोलेस्टेरॉलच्या गोळीचं ठरवू."

घरी येताना अण्णा गाडीत गप्प होते. ताकारीच्या चढाला म्हणाले, "पोरी, ओट म्हंजे आपण जर्सीला घालतो त्येच न्हवं?"

तेच. वाळवा तालुक्यात आमचं उसाचं रान आहे आणि विहिरीकडेच्या दहा गुंठ्यांत दर हिवाळ्याला ओटाची वैरण असते. २५ ऑक्टोबरला पेरलेली आता गुडघ्याच्या वर आली आहे. बी 'केंट' वाणाचं, एकरी ४० किलोच्या हिशेबानं. शेजारच्या रानात राहुरी विद्यापीठाचा 'फुले हरिता' आहे. तीस वर्षं हे पीक घेणाऱ्या माणसानं त्याचा दाणा कधी तोंडात टाकलेला नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. पोरांना प्रकल्पाची वही तारीखवार लिहायला लावते, तेव्हा ही वहीही तशीच लिहायची. रविवार ८ डिसेंबरला सुरुवात, बारा आठवडे, ३ मार्चला रक्ततपासणी.

४ डिसेंबर, बुधवार

किती खायचे, हे ठरल्याशिवाय प्रकल्पाला अर्थ नाही. "रोज ओट्स खा" हे वाक्य फार सैल आहे.

ओट्समधल्या ज्या घटकाचा कोलेस्टेरॉलशी संबंध आहे तो म्हणजे बीटा-ग्लुकान, पाण्यात विरघळणारा तंतू. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९७ साली ओट्सच्या पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याबद्दल लिहायला परवानगी दिली, ती दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात जावं या हिशेबावर. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनंही कोलेस्टेरॉलसाठी तोच ३ ग्रॅमचा आकडा धरला. रोल्ड (वाफवून पोह्यांसारख्या लाटलेल्या) ओट्समध्ये बीटा-ग्लुकान साधारण ४ टक्के असतं. म्हणजे ३ ग्रॅमसाठी ७५ ग्रॅम कोरडे ओट्स, रोज.

वजनकाट्यावर ७५ ग्रॅम ओतून बघितले. आमची चहाची मोठी वाटी शिगोशीग भरून वर थोडे उरले. शिजल्यावर याचं तिप्पट-चौपट होणार. कुठल्याशा जाहिरातीतल्यासारखे दोन चमचे दुधात टाकून हे साधणार नाही. एका बैठकीत एवढं अण्णांना जाणार नाही, म्हणून सकाळी ४५ आणि रात्री ३० असं वाटून घेतलं.

दुसरा हिशेब उष्मांकाचा. १०० ग्रॅम ओट्समध्ये ३८० ते ३९० किलोकॅलरी असतात, ७५ ग्रॅममध्ये जवळपास २९०. हे रोजच्या जेवणाच्या वर चढवलं तर तीन महिन्यांत वजन वाढेल. सकाळचे पोहे किंवा शिरा जाणार, रात्रीची एक भाकरी कमी होणार. हे अण्णांना आजच सांगितलं. भाकरीवर हात पडणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मलाही बरं वाटलं नाही.

इस्लामपूरच्या बाजारातून तीन तऱ्हेचे ओट्स आणले : स्टील कट, रोल्ड आणि एक मसाला ओट्सचं झटपट पाकीट, तुलनेसाठी. रोल्डचा एक किलोचा पुडा दोनशे रुपयांच्या आसपास पडला. ज्वारीच्या मानानं हे महाग आहे आणि मी ते विसरणार नाही.

८ डिसेंबर, रविवार. आठवडा १, दिवस १

दुधात शिजवले, वर बदाम आणि खजूर. अण्णांनी तीन चमचे खाल्ले, ताटली सरकवली. "आजारी माणसाची पेज हाय ही." लेकीनंही खाल्लं नाही. उरलेलं मी खाल्लं.

९ डिसेंबर, सोमवार

पुन्हा दूध, वर दालचिनी. तेच झालं.

११ डिसेंबर, बुधवार

पोट गच्च झाल्याची अण्णांची तक्रार, दिवसभर वारा सरतोय. चूक माझी आहे. आठवडाभर आधी २० ग्रॅमपासून सुरुवात करायला हवी होती. आतड्यातले जिवाणू हा विरघळणारा तंतू आंबवतात, त्यातून वायू होतो. हळूहळू वाढवला तर पोट जुळवून घेतं. पाणीही कमी पडलंय, थंडीत अण्णा तांब्याला हात लावत नाहीत. उद्यापासून सकाळी फक्त २० ग्रॅम, रात्री काही नाही. पाण्याचा तांब्या त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवायचा.

१४ डिसेंबर, शनिवार

आज जमलं. आणि जमवलं आईंनी.

मी स्टील कटचा पुडा फोडून परातीत ओतला होता. स्टील कट म्हणजे टरफल काढलेला ओटाचा दाणा पात्यानं दोन-तीन ठिकाणी तोडलेला, लाटलेला नाही. आईंनी मूठभर उचलून बोटांत चोळला आणि म्हणाल्या, "अगं, ह्या कण्याच हायत की. ज्वारीच्या कण्यांवाणी शिजव. दुधात कशाला बुडवतीस?"

कण्या. अण्णा लहानपणी रोज सकाळी ज्वारीच्या कण्या आणि ताक खाऊन रानात जायचे, हे मी शंभर वेळा ऐकलंय. मला हे सुचलं नाही, कारण माझ्या डोक्यात पाकिटावरचं चित्र होतं : पांढरा वाडगा, दूध, वर स्ट्रॉबेरी.

केलं ते असं : रात्री कण्या धुऊन पाण्यात भिजवल्या. सकाळी एक वाटी कण्यांना चार वाट्या पाणी, मीठ बेताचं, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर वीस मिनिटं. शिजत आल्या की पातेल्यातला आवाज बदलतो, खळखळ थांबून पक-पक असे बुडबुडे फुटायला लागतात. खाली उतरवून जरा निवल्यावर ताक घालून सैल केल्या. वरून चमचाभर तेलाची फोडणी : मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, एक सुकी मिरची. कोथिंबीर.

अण्णांनी पहिला घास घेतला, थांबले, मग ताटली जवळ ओढली. ज्वारीच्या कण्यांपेक्षा बुळबुळीत आहेत म्हणाले. तो बुळबुळीतपणाच आपल्याला हवाय, असं मी म्हटलं. लसूण आणखी हवा होता, बाकी तक्रार नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

ओटाची पहिली कापणी. पेरणीपासून ५३ दिवस. अण्णा आणि हे सकाळीच विळे घेऊन गेले. दुसरी कापणी महिना-सव्वा महिन्यानं निघेल. मी अण्णांना विचारलं, विहिरीकडेचे दोन सरी पट्टे न कापता तसेच सोडाल का, मला दाणा धरलेला बघायचाय. गाईच्या तोंडचा घास मागतेय हे कळत होतं. ते म्हणाले, "सोडतो. बघ काय बघायचं ते."

२२ डिसेंबर, रविवार. आठवडा २ संपला

सकाळी ३५ ग्रॅमपर्यंत आलोय. पोट शांत आहे.

आज दुपारी ओट्यावर एक प्रयोग केला, वर्गात करून दाखवता येईल असा. तिन्ही तऱ्हेचे २०-२० ग्रॅम ओट्स प्रत्येकी २०० मिली पाण्यात पाकीट सांगेल तेवढा वेळ शिजवले, फडक्यातून गाळले आणि गाळलेलं पाणी चमच्यानं वर उचलून सोडलं. स्टील कटचं पाणी चमच्याच्या टोकाला धरून राहिलं, लांब धार होऊन सावकाश तुटलं. रोल्डचं जवळपास तसंच. झटपट पाकिटाचं मात्र भरभर ठिबकलं.

चमच्याच्या टोकाला जो धागा लोंबत होता तो बीटा-ग्लुकानचा. ग्लुकोजच्या हजारो कड्यांची ही साखळी. आपल्या पाचकरसाला ती तोडता येत नाही, पण पाणी धरून ती फुगते आणि लहान आतड्यात घट्टसर लगदा होतो. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. ती आतड्यात उतरतात, चरबी पचवायला मदत करतात, आणि काम झालं की बहुतेक सगळी आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषली जाऊन परत यकृताकडे जातात. ओट्सचा लगदा त्यातली काही अडकवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. तुटवडा भरायला यकृताला नवी पित्ताम्लं करावी लागतात, त्यासाठी ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. घटतं ते अशा वाटेनं. रक्तातली चरबी 'धुऊन निघते' असं लोक म्हणतात, तसं काही होत नाही.

यातून दोन गोष्टी स्वयंपाकघरात आल्या. एक, ओट्सना पाणी भरपूर आणि वेळ पुरेसा द्यायचा. दोन, ओट्सचं पीठ गव्हाच्या कणकेत मिसळून तासन् तास भिजत ठेवायचं नाही. गव्हाच्या पिठातली विकरं (एन्झाइम) ओलाव्यात या साखळ्या तोडतात, साखळी आखूड झाली की चिकटपणा जातो. आंबवलेल्या पावात म्हणूनच ओट्सचा गुण कमी होतो. थालीपिठाचं पीठ मळायचं आणि लगेच थापायचं.

२८ डिसेंबर, शनिवार

माझ्यापुरती नोंद : थायरॉइडची गोळी मी सकाळी उपाशीपोटी घेते आणि आता ओट्स सगळ्यांबरोबर लगेच खायला बसत होते. तंतूमुळे या गोळीचं शोषण कमी होतं. गोळी साडेपाचला, न्याहारी सातला, असं बांधून घेतलं. गल्लीतल्या दोघींना हे सांगून आले, दोघींनाही ही गोळी आहे आणि दोघींनीही माझं बघून ओट्स सुरू केलेत.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

रात्रीच्या ३० ग्रॅमसाठी थालीपीठ ठरलं. रोल्ड ओट्स कोरडेच मिक्सरवर भरड काढले, त्यात तेवढीच भाजणी, किसलेली काकडी, कांदा, ओवा, तीळ. ओट्सला स्वतःची ओढ नसते, भाजणीच्या ज्वारी-बाजरी-डाळींनी चव आणि वळण येतं. भोक पाडून झाकण ठेवून भाजलं, तेल कडेनं चार थेंब. लेकीनं दोन खाल्ली.

मुगाच्या डाळीबरोबर केलेली ओट्सची खिचडीही ठीक झाली. धिरडी तव्याला चिकटली, थोडं तांदळाचं पीठ लागतं. उपमा मला फारसा आवडला नाही, मोकळा करायला गेलं की पाणी कमी पडतं आणि आपल्याला तर पाणीच हवंय.

६ जानेवारी, सोमवार

आईंना मधुमेह आहे, गोळ्यांवर आहेत. घरी साखर मोजायचं यंत्र आहे, म्हणून त्यांच्या संमतीनं तीन दिवस वेगवेगळी न्याहारी देऊन तासाभरानं मोजलं. तिन्ही दिवस उपाशीपोटीची साखर ११५ ते १२० मध्ये होती. ४० ग्रॅम स्टील कट कण्यांनंतर १६२. ४० ग्रॅम झटपट मसाला ओट्सनंतर १९७. नेहमीच्या कांदेपोह्यांनंतर १९१.

एका माणसाच्या तीन दिवसांच्या आकड्यांवरून सिद्ध काही होत नाही, हे मी पोरांना शिकवते आणि इथेही लिहून ठेवते. पण दिशा ओळखीची आहे. स्टील कटचा ग्लायसेमिक निर्देशांक (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते त्याचं माप) पंचावन्नच्या आसपास असतो, झटपट ओट्सचा पंचाहत्तरच्या वर जातो. दाणा जितका बारीक, जितका आधी शिजवलेला, तितकं त्यातलं पिष्ट लवकर साखर होतं. नाव तेच, पुड्यावर हृदयाचं चित्र तेच, पोटातलं वागणं वेगळं.

मधुमेह्यांनी ओट्स कितीही खावेत असा समज गावात पसरतोय, तो खोटा आहे. जेवणानंतरची साखर आवरण्यासाठी युरोपच्या यंत्रणेनं जो निकष लावला तो ३० ग्रॅम कर्बोदकांमागे ४ ग्रॅम बीटा-ग्लुकान असा आहे. साध्या ओट्समध्ये ४ ग्रॅम बीटा-ग्लुकानमागे साधारण ६६ ग्रॅम कर्बोदकं येतात. म्हणजे ओट्स हे शेवटी धान्यच आहे. आईंना कण्यांबरोबर वाटीभर मटकीची उसळ द्यायला लागले, कण्या ४० ऐवजी ३०.

७ जानेवारी, मंगळवार

मसाला पाकिटाची मागची बाजू भिंगानं वाचली. ओट्सशिवाय त्यात माल्टोडेक्स्ट्रिन, साखर, मीठ, वाळवलेल्या भाज्यांचे तुकडे, चव वाढवणारे पदार्थ. अण्णांचा रक्तदाब बघता त्यातलं मीठच नडलं असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि आमच्या घरात लोणचं-पापड-ठेच्यातच ते संपतं. पाकीट पुन्हा आणणार नाही.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

आज ओट्स नाहीत. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, लोणी. अण्णांनी मनापासून खाल्लं. वर्षातल्या या दिवसावर मी वजनकाटा ठेवणार नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तिळगुळात मुठभर भाजलेले ओट्स घातले. चांगले लागले, पण गूळ तो गूळच, म्हणून हिशेबात धरले नाहीत.

१९ जानेवारी, रविवार. आठवडा ६ संपला

अर्धा टप्पा. ४२ दिवसांपैकी ३४ दिवस सकाळचं ठरल्याप्रमाणे, २१ दिवस रात्रीचंही. लग्नसराई सुरू झाल्यावर रात्रीचं मागे पडतंय.

अण्णांनी दोन गोष्टी स्वतःहून सांगितल्या. अकरा वाजता चहाबरोबर फरसाण लागायचं, ते आता आठवत नाही. कण्या पोटात धरून राहतात. आणि सकाळी संडासला बसल्यावर पूर्वी जोर करावा लागे, तो थांबला. दुसरी गोष्ट सांगताना ते खाली बघत होते. सुनेशी हे बोलायला त्यांना किती जड गेलं असेल. पण वहीत लिहून घे म्हणाले.

इथेच एक प्रामाणिक नोंद हवी : फरसाण बंद झालंय, संध्याकाळी विहिरीपर्यंत चालणं वाढलंय. मार्चमध्ये आकडा खाली आला तर सगळं श्रेय ओट्सना देता येणार नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

महाविद्यालयात एक सहकारी म्हणाल्या, ओट्स म्हणजे जवच ना, मग आपलं जुनंच की. हा घोळ फार आहे. जव, ज्याला आपण सातू म्हणतो, तो वेगळा. इंग्रजीत त्याला बार्ली म्हणतात. ओट ते वेगळं गवत, हिंदीत जई. पण त्यांच्या चुकीत एक खरी गोष्ट दडलेली आहे. जवातही बीटा-ग्लुकान भरपूर असतं, ओट्सइतकं किंवा जास्तच, आणि अमेरिकेत पुढे जवालाही तीच मान्यता मिळाली. राजस्थान आणि उत्तर प्रदेशात तो पिकतो. खाण्याचे ओट्स मात्र आपल्याकडे बरेचसे ऑस्ट्रेलियातून येतात. ज्याला ओट्सचा पुडा परवडत नाही त्यानं भरडलेला जव कण्यांसारखा शिजवावा. मी दोन किलो मागवलाय.

(गावाकडे सातूचं पीठ म्हणून जे गूळ-पाण्यात कालवून खातात त्यात बहुतेक घरी भाजलेले गहू आणि डाळंच असतं. त्यात हा गुण शोधू नये.)

ज्वारी सोडायची का, असं त्यांनी विचारलं. मुळीच नाही. ज्वारी-बाजरीतला तंतू बराचसा न विरघळणारा, तो पोट साफ ठेवतो, पण पित्ताम्लं धरून ठेवायचं काम त्याचं नाही. नाचणीत १०० ग्रॅममागे ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, ओट्समध्ये त्याचा जेमतेम सहावा-सातवा हिस्सा. ओट्समध्ये प्रथिनं १३ ग्रॅमच्या वर आणि ती इतर तृणधान्यांच्या मानानं चांगल्या प्रतीची. एकानं दुसऱ्याचं काम होत नाही. दुपारची ज्वारीची भाकरी आमच्या ताटात जशीच्या तशी आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार

नणंदेचा फोन. तिच्या पुतण्याला गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास आहे, सिलिॲक. तू घरात ओट्स देतेयस तर त्यालाही देऊ का म्हणाली. थांबवलं. ओट्समध्ये ग्लुटेन नसतं, पण शेतात, गाडीत, गिरणीत गव्हाची भेसळ होते. ग्लुटेनमुक्त असं छापलेलाच पुडा हवा. शिवाय थोड्या लोकांना ओट्समधलं ॲव्हेनिन हे प्रथिनही सोसत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, असं तिला दोनदा सांगितलं.

९ फेब्रुवारी, रविवार

अण्णा आता स्वतः रात्री कण्या भिजत घालतात. वजनकाट्यावर ४५ आला की शेवटचे चार दाणे बोटानं परत पुड्यात टाकतात. शनिवारी मला उठायला उशीर झाला, तर पातेलं गॅसवर चढवलेलं होतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

उपवास. ओट्स धान्य, म्हणून चालत नाहीत. भगर आणि दाण्याची आमटी. आईंनी अण्णांना साबुदाण्याची खिचडी दिली नाही, मी काही न सांगता.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

न कापलेले दोन पट्टे पिकले. पेरणीपासून १२५ दिवस. ओटाचं कणीस गव्हासारखं दाट नसतं. काडीच्या टोकाला बारीक फांद्या फुटतात आणि प्रत्येकीला दोन पाकळ्यांची फिकट पिवळी घंटा लोंबते. वाऱ्यावर सगळा पट्टा एकाच बाजूला झुलत होता. अण्णा बांधावर उभे राहून बराच वेळ बघत होते. इतकी वर्षं फुलोऱ्यात येताच कापल्यामुळे त्यांनीही हे रूप नीट पाहिलेलं नव्हतं.

मळणी काठीनं केली, साडेपाच किलो दाणा. पण दाणा कसला, तूस. गव्हाचा दाणा मळणीत उघडा होतो, ओटाचा होत नाही. हाताच्या तळव्यात चोळलं, नखानं सोललं, तेव्हा आतला लांबट, केसाळ, दुधी रंगाचा दाणा निघाला. पंधरा मिनिटांत मी चमचाभर सोलले.

आईंनी उखळ बाहेर काढली. एक किलो जरा ओलसर करून कांडला. तूस थोडं निघालं, दाणा जास्त चुरला. पाखडून, निवडून दुपारपर्यंत अर्धा किलोच्या आत भरड हाती आली, तीही तुसाच्या काड्यांसकट. गावच्या गिरणीवाल्यानं जातं खराब होईल म्हणून नाही सांगितलं. त्याचं बरोबर आहे.

त्यातल्या मूठभराच्या कण्या लगेच शिजवल्या. गवतासारखा ताजा वास, किंचित गोड चव. अण्णांनी डोळे मिटून खाल्ल्या. "आपल्या रानातलं," एवढंच म्हणाले.

३ मार्च, सोमवार

रक्त दिलं. ८४ दिवसांपैकी सकाळचे ७३ दिवस पूर्ण, रात्रीचे ४६. सरासरी काढली तर दिवसाला ५५ ग्रॅमच्या आसपास ओट्स, म्हणजे २.२ ग्रॅम बीटा-ग्लुकान. ठरवलं होतं त्याच्या पाऊण.

५ मार्च, बुधवार

एकूण कोलेस्टेरॉल २२१, एलडीएल १४६, एचडीएल ४३, ट्रायग्लिसराइड १६०. वजन दीड किलोनं कमी.

एलडीएल १५८ वरून १४६, म्हणजे साडेसात टक्के. ओट्सवरच्या अभ्यासांत साधारण पाच-सात टक्के उतार दिसतो, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडवर फारसा परिणाम दिसत नाही. आमचा आकडा त्याच घरातला आहे, त्यात फरसाण सुटल्याचा आणि चालण्याचा वाटाही आहे.

डॉक्टरांनी वही मागून घेतली, पानं चाळली, थायरॉइडच्या गोळीची नोंद दोनदा वाचली. मग अण्णांकडे वळून म्हणाले, "तुम्ही जे केलंत ते थोडं नाही. पण वडिलांचा इतिहास आहे, रक्तदाब आहे, वय आहे. मला हा आकडा शंभराच्या खाली हवा. रात्रीची एक लहान गोळी सुरू करू. ओट्स सोडायचे नाहीत."

माझ्या घशात आवंढा आला. बारा आठवडे मनात कुठेतरी मी गोळी टळेल असं धरून बसले होते, वहीत ते कुठे लिहिलं नव्हतं. अण्णांनीच विचारलं, "गोळी आन् कण्या दोन्ही मिळून जास्त उतरंल न्हवं?" डॉक्टर म्हणाले, उतरेल.

बाहेर आल्यावर त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि औषधाच्या दुकानाकडे चालू लागले.

८ मार्च, शनिवार

उरलेली घरची भरड डब्यात ठेवली होती, आज झाकण उघडल्याबरोबर खवट वास. जिभेवर ठेवली तर कडू. बाजरीचं पीठ चार दिवसांत कडू होतं, तेच कारण. ओट्समध्ये चरबी ७ टक्क्यांच्या आसपास, गहू-ज्वारीच्या तिप्पट-चौपट. दाणा फुटला की त्यातलं विकर चरबी फोडायला लागतं. म्हणून कारखान्यात तूस काढल्यावर आधी वाफ देतात, भाजून सुकवतात, विकर मारतात, मग तोडतात किंवा लाटतात. दोनशे रुपयांतले बरेचसे त्या वाफेचे आणि तूस काढण्याच्या यंत्राचे आहेत.

पुढच्या हिवाळ्यासाठी टिपण : दाणा आधी चाळणीवर पंधरा मिनिटं वाफवायचा, परातीत भाजून कोरडा करायचा, मग कांडायचा. तुसासाठी भाताच्या हलरवाल्याला विचारायचं, शिराळ्याकडे आहेत.

१६ मार्च, रविवार

गोळी सुरू होऊन अकरा दिवस. अंगदुखी वगैरे काही नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तपासणी. सकाळच्या कण्या ४५ ग्रॅम तशाच, रात्रीचं थालीपीठ आठवड्यातून निदान पाच दिवस करायचं, हीच गेल्या वेळची कच्ची बाजू होती. जवाच्या कण्या दर मंगळवारी. उन्हाळ्यात ताक वाढेल, मीठ वाढू द्यायचं नाही.

तुसासकटचा साडेचार किलो दाणा शिल्लक होता. त्यातला दोन किलो अण्णांनी बियाण्याला मडक्यात राखेत ठेवला, मडक्याला फडकं बांधलं आणि खडूनं 'ओट, विहिरीकडचा' असं लिहिलं. राहिलेला घमेल्यात घेऊन ते गोठ्याकडे गेले.